विश्लेषण : संकेतस्थळावरून थेट जपानी कंपनीत नोकरी? अर्ज करण्याआधी जाहिरातीत काय पाहायचे?

जपानमधील नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून खाते उघडायला दहा मिनिटे पुरतात. अर्जही एका बटणावर जातो. मात्र त्या जाहिरातीमागे कोणता व्हिसा आहे, पगाराच्या आकड्यात काय काय मिसळले आहे आणि मध्यस्थाचे पैसे कोण देणार, हे ओळखता आले नाही तर चूक महागात पडते. घरच्यांनी दागिने गहाण ठेवून किंवा कर्ज काढून पैसे उभे केले असतील, तर अधिकच. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने मनुष्यबळ देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये ५ लाख जणांची देवाणघेवाण आणि त्यात भारतातून ५० हजार कुशल व होतकरू उमेदवार जपानला, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे या जाहिराती वाचायच्या कशा, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

जपानला परदेशी मनुष्यबळ का हवे?

जपानची लोकसंख्या २००८च्या सुमारास १२ कोटी ८० लाखांवर पोहोचली आणि तिथून उतरणीला लागली. आज ती १२ कोटी ४० लाखांच्या खाली आहे. २०२४ मध्ये जपानी नागरिकांच्या घरी जन्मलेल्या बाळांची संख्या प्रथमच ७ लाखांच्या खाली गेली. दर १०० जणांमागे सुमारे २९ जण ६५ वर्षे किंवा त्यापुढचे आहेत. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, हॉटेल, वाहतूक अशा कामांना माणसे मिळत नाहीत. माहिती-तंत्रज्ञानातही तीच स्थिती आहे. मागणी वेगाने वाढली तर २०३० मध्ये या क्षेत्रात सुमारे ७ लाख ९० हजार जणांचा तुटवडा भासेल, असा अंदाज जपानच्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने २०१९ मध्ये मांडला होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानमधील परदेशी कामगारांची संख्या सुमारे २३ लाख होती. त्यांत जवळपास एक चतुर्थांश व्हिएतनामचे आहेत. त्यानंतर चीन, फिलिपिन्स आणि नेपाळ यांचा क्रम लागतो. या तुलनेत भारतीय फार थोडे. कामगार, विद्यार्थी आणि कुटुंबीय असे सगळे धरूनही जपानमध्ये राहणाऱ्या भारतीयांची संख्या २०२४ अखेरीस ५० हजारांच्या थोडी पुढे होती. म्हणजेच पाच वर्षांत ५० हजार उमेदवार हे उद्दिष्ट आजवरच्या वेगाच्या मानाने मोठे आहे. पण माणसे कमी आहेत, याचा अर्थ कोणालाही सहज नोकरी मिळते असा नाही. कोणत्या कामासाठी कोणाला येऊ द्यायचे, याचे जपानचे नियम काटेकोर आहेत.

नोकरीआधी व्हिसाचा प्रकार का पाहायचा?

जपानमध्ये ‘वर्क व्हिसा’ नावाचा एकच परवाना नाही. काम कोणते, यावर निवासाचा दर्जा ठरतो आणि त्या दर्जाबाहेरचे काम करता येत नाही. भारतीय उमेदवारांच्या दृष्टीने दोन मार्ग महत्त्वाचे आहेत.

पहिला मार्ग पदवीधरांचा. ‘अभियंता, मानव्यविद्यातज्ज्ञ आणि आंतरराष्ट्रीय सेवा’ असे या दर्जाचे लांबलचक नाव आहे. सॉफ्टवेअर, यांत्रिकी रचना, विक्री, लेखा, भाषांतर अशी कामे यात येतात. त्यासाठी कामाशी संबंधित पदवी किंवा साधारण १० वर्षांचा अनुभव लागतो. त्याच कामासाठी जपानी कर्मचाऱ्याला मिळेल तितका किंवा त्याहून अधिक पगार देणे कंपनीवर बंधनकारक असते. पती-पत्नी आणि मुलांना सोबत नेता येते, कंपनी बदलता येते. बदल झाल्यास १४ दिवसांत इमिग्रेशन कार्यालयाला कळवावे लागते.

दुसरा मार्ग ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ दर्जाचा. तो एप्रिल २०१९ पासून सुरू झाला. भारताने त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये जपानशी करार केला. शुश्रूषा, शेती, बांधकाम, खाद्यपदार्थनिर्मिती, उपाहारगृहे अशा क्षेत्रांसाठी तो आहे. २०२४ मध्ये जपानने या क्षेत्रांची संख्या १२ वरून १६ केली आणि पाच वर्षांसाठी ८ लाख २० हजार जणांची मर्यादा ठरवली. पदवीची अट नाही, पण त्या क्षेत्राची कौशल्य चाचणी आणि जपानी भाषेची प्राथमिक पातळीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. त्यापुढची अवघड परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दुसरा टप्पा मिळतो. त्यात मुक्काम वाढवता येतो आणि कुटुंबही नेता येते.

याशिवाय ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ ही जुनी योजना आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवण्याचा मार्ग, अशी टीका तिच्यावर वर्षानुवर्षे झाली. जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा कायदा केला असून एप्रिल २०२७ पासून तिच्या जागी नवी योजना येणार आहे. काही अटींवर मालक बदलण्याची मुभा, हा त्यातला महत्त्वाचा बदल. त्यामुळे आज कोणी ‘तीन वर्षांचे प्रशिक्षण’ देऊ करत असेल तर ते कोणत्या योजनेखाली, हा पहिला प्रश्न असायला हवा.

संकेतस्थळांवरच्या फसगतीचे मूळ बऱ्याचदा इथेच असते. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या तरुणाला कारखान्यातल्या साखळीवरचे काम ‘इंजिनीअर’ या नावाने दाखवले जाते. पदवीधरांच्या दर्जावर जाऊन निव्वळ अंगमेहनतीचे काम करणे नियमबाह्य आहे. पकडले गेल्यास मुदतवाढ नाकारली जाऊ शकते आणि त्याची झळ कंपनीबरोबर उमेदवारालाही बसते.

संकेतस्थळे किती प्रकारची असतात?

ढोबळमानाने तीन. पहिला प्रकार जपानी लोकांसाठीच्या मोठ्या संकेतस्थळांचा. ‘रिकुनाबी’ आणि ‘मायनावी’ ही त्यातली मोठी नावे. बहुतेक सगळा व्यवहार जपानीत चालतो. ‘बिझरीच’सारखी संकेतस्थळे अनुभवी व्यावसायिकांसाठी आहेत. अस्खलित जपानी येत नसेल तर या प्रकारात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार परदेशी आणि द्विभाषिक उमेदवारांसाठीच्या संकेतस्थळांचा. ‘गायजिनपॉट’, ‘डायजॉब’ ही जुनी नावे. सॉफ्टवेअर क्षेत्रापुरती ‘टोक्यो डेव्ह’, ‘जपान डेव्ह’ अशी संकेतस्थळे आहेत. इथे जाहिरात इंग्रजीत असते आणि जपानीची कोणती पातळी लागेल, परदेशातून अर्ज चालेल का, हे बऱ्याचदा स्वतंत्रपणे दिलेले असते. भारतात बसून अर्ज करणाऱ्यासाठी सर्वांत उपयोगाची चाळणी हीच. कारण इंग्रजीत असूनही अनेक जाहिराती ‘सध्या जपानमध्ये वास्तव्य आवश्यक’ या अटीच्या असतात. ती ओळ न वाचता ५० अर्ज केले तरी एकाचेही उत्तर येत नाही आणि उमेदवाराला वाटते, आपल्या रेझ्युमेतच काही कमी आहे.

तिसरा प्रकार भरती करणाऱ्या एजन्सींच्या संकेतस्थळांचा. इथे कंपनीचे नाव अनेकदा झाकलेले असते. नोंदणी केल्यावर सल्लागार बोलतो आणि मग माहिती देतो. यात गैर काही नाही, जपानमध्ये ही रूढ पद्धत आहे. पण अशा ठिकाणी आपण कंपनीशी नव्हे, तर मध्यस्थाशी बोलत आहोत, हे लक्षात ठेवावे लागते.

जपान सरकारची ‘हॅलो वर्क’ ही रोजगार सेवा मोफत आहे. मात्र ती मुख्यतः जपानमध्ये आधीच राहणाऱ्यांच्या उपयोगाची आहे.

जपानी भाषा न येता नोकरी मिळते का?

मिळते, पण मर्यादित ठिकाणी. ‘राकुतेन’ने २०१०मध्ये इंग्रजी ही कंपनीची अधिकृत भाषा करण्याचा निर्णय जाहीर केला. ‘मर्कारी’सारख्या कंपनीने भारतातून अभियंते थेट घेतले. अशा कंपन्यांत आणि काही नवउद्यमांत सॉफ्टवेअर अभियंत्याचे इंग्रजीवर भागते. पण हे वर्तुळ लहान आहे, जगभरातून अर्ज येतात आणि बहुतेकांना अनुभवी माणूस हवा असतो. नुकत्याच पदवीधर झालेल्याला इथे जागा मिळणे कठीण जाते.

बाकी बाजारात भाषेची पातळीच दार उघडते. ‘जेएलपीटी’ ही परीक्षा एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्यांची आहे. एन-५ सर्वांत सोपी. जपानी कंपनीतल्या कार्यालयीन कामासाठी साधारण एन-२ मागितली जाते. तांत्रिक कामात काही कंपन्या एन-३वर तयार होतात. विशिष्ट कौशल्य दर्जासाठी एन-४ किंवा ‘जेएफटी-बेसिक’ ही संगणकावरची परीक्षा चालते.

जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुणे आणि मुंबई ही तिची केंद्रे आहेत. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे जपानीचे अभ्यासक्रम चालतात. पूर्ण वेळ नोकरी सांभाळून एन-५पासून एन-३पर्यंत जायला दोन वर्षे लागली, तर तो वेग वाईट नव्हे. ‘तीन महिन्यांत जपानी आणि सहा महिन्यांत नोकरी’ अशी हमी म्हणूनच संशयास्पद ठरते.

जाहिरातीतला पगार आणि हातात येणारा पगार यांत किती फरक?

बराच. समजा, जाहिरातीत ‘मासिक पगार ३ लाख येन’ असे लिहिले आहे. एक येन साधारण ५५ ते ६० पैशांचा धरला तर हे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास होतात. पण खाली बारीक अक्षरांत ‘४५ तासांच्या निश्चित ओव्हरटाइमसह’ अशी ओळ असू शकते. म्हणजे दरमहा ४५ जादा तासांचे पैसे त्या आकड्यात आधीच धरले आहेत. महिन्याचे नियमित १६० तास आणि जादा कामाला सव्वापट दर धरून हिशेब केला, तर मूळ पगार साधारण २ लाख २२ हजार येन उरतो. तासाला सुमारे १,३९० येन. टोक्योचे किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे. म्हणजे ३ लाखांचा तो आकडा प्रत्यक्षात किमान वेतनाच्या थोडाच वर असतो. बोनसही बहुधा मूळ पगारावरच मोजला जातो.

निश्चित ओव्हरटाइम बेकायदा नाही. पण त्याचे तास, त्याची रक्कम आणि त्याहून अधिक काम झाल्यास वेगळे पैसे मिळतील ही बाब जाहिरातीत स्वतंत्रपणे लिहिणे जपानमध्ये बंधनकारक आहे. ती फोड नसेल तर ती लेखी मागावी. कायद्यानुसार जादा कामाची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास आहे. दरमहा ४५ तास गृहीत धरणारी कंपनी वर्षाची मर्यादा आठ महिन्यांतच गाठते. तिथले कामाचे वातावरण कसे असेल, याचा अंदाज या एका ओळीवरून बांधता येतो.

यानंतर कपात. आरोग्य विमा, निवृत्तिवेतन आणि रोजगार विमा मिळून पगाराच्या साधारण १५ टक्के जातात. एकट्या निवृत्तिवेतनाचा कर्मचाऱ्याचा वाटा ९.१५ टक्के आहे. त्यावर प्राप्तिकर. आदल्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नावर साधारण १० टक्के निवासी कर लागतो. पहिल्या वर्षी आदले उत्पन्न जपानमधले नसल्याने तो बसत नाही, दुसऱ्या वर्षी सुरू होतो. त्यामुळे पगारवाढ मिळूनही हातात येणारी रक्कम कमी झाली, असा अनुभव नवख्यांना येतो. टोक्योत घर घेताना अनामत, घरमालकाला परत न मिळणारी भेट, हमी कंपनीचे शुल्क असे मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतके पैसे आधी लागू शकतात. म्हणून कंपनी राहायला जागा देते का, पहिल्या प्रवासाचा खर्च कोणाचा, हे प्रश्न पगाराइतकेच महत्त्वाचे आहेत.

आणखी कोणत्या ओळी निरखून वाचाव्यात?

नोकरीचा प्रकार. ‘सेइशाइन’ म्हणजे कायम कर्मचारी, ‘केइयाकु शाइन’ म्हणजे मुदतीच्या करारावरचा आणि ‘हाकेन’ म्हणजे एका कंपनीच्या नावावर राहून दुसरीकडे काम करणारा. सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक कंपनीच्या जागेवर बसून काम करण्याची पद्धत जपानमध्ये सर्रास आहे. जाहिरातीत टोक्यो लिहिलेले असते आणि काम निघते दुसऱ्या प्रांतात, असे त्यामुळे घडू शकते.

एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये यासंबंधी नियम कडक झाले. कामाचे स्वरूप आणि ठिकाण पुढे कुठपर्यंत बदलू शकते, तसेच मुदतीचा करार कोणत्या निकषांवर वाढवला जाईल, हे भरतीच्या वेळी सांगणे आवश्यक झाले. म्हणजे ‘माझी बदली कुठे होऊ शकते’ हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही, तो उमेदवाराचा हक्क आहे. चाचणी काळ किती आणि त्या काळात पगार तोच का, हेही पाहावे.

जपानच्या श्रम मानक कायद्यातली दोन कलमे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. लेखी दिलेल्या अटी आणि प्रत्यक्ष अटी वेगळ्या निघाल्या तर कर्मचारी करार तत्काळ मोडू शकतो. आणि ‘मध्येच नोकरी सोडल्यास इतका दंड’ असे कलम करारात टाकायला मनाई आहे. राष्ट्रीयत्वावरून पगारात भेदभाव करण्यासही हा कायदा मज्जाव करतो.

जपानी भरतीची पद्धत वेगळी कशी?

जपानी कंपन्यांत दोन समांतर रांगा असतात. एक नव्या पदवीधरांची. शिक्षणाचे शेवटचे वर्ष संपायच्या वर्षभर आधी, मार्चमध्ये माहिती सत्रे सुरू होतात, जूनपासून मुलाखती आणि १ ऑक्टोबरपासून औपचारिक नियुक्तिपत्रे, असे वेळापत्रक सरकारने आखून दिले आहे. कंपन्या ते अनेकदा आधीच उरकतात. सगळे एकाच दिवशी, १ एप्रिलला रुजू होतात. भारतात निकाल मे-जूनमध्ये लागतात. त्यामुळे हे गणित जुळत नाही आणि भारतीय नवपदवीधर बहुधा महाविद्यालयातील थेट भरतीतून किंवा ऑक्टोबरमध्ये रुजू करून घेणाऱ्या कंपन्यांतून जातात. दुसरी रांग अनुभवींची. ती वर्षभर चालते आणि संकेतस्थळांवरून भारतातून अर्ज करणाऱ्यांचा खरा संबंध तिच्याशीच येतो.

कागदपत्रेही दोन असतात. ‘रिरेकिशो’ हा ठरावीक नमुन्यातला, बहुधा छायाचित्रासह भरायचा माहितीचा तक्ता. शिक्षण आणि नोकऱ्या त्यात जुन्याकडून नव्याकडे लिहायच्या असतात, आपल्याकडच्या रेझ्युमेच्या उलट. ‘शोकुमु केइरेकिशो’मध्ये प्रत्येक प्रकल्पात नेमके काय केले, याचा तपशील असतो. मधला एखादा रिकामा काळ लपवला की मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. इंग्रजीत काम करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना नेहमीचा रेझ्युमे आणि लिहिलेल्या कोडचे नमुने पुरतात. ‘आमचीच कंपनी का’ हा प्रश्न मात्र दोन्हीकडे हमखास असतो आणि ‘जपान आवडतो’ हे त्याचे पुरेसे उत्तर नसते.

निवड झाल्यावर कंपनी जपानच्या इमिग्रेशन कार्यालयात ‘पात्रता प्रमाणपत्रा’साठी अर्ज करते. ‘सीओई’ या नावाने ते ओळखले जाते. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये दाखल व्हावे लागते. त्याच्या आधारे भारतातून व्हिसा मिळतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईतील जपानचे महावाणिज्य दूतावास हे संबंधित कार्यालय आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन नंतर ‘बदलून घेऊ’ असे सांगणारा मध्यस्थ टाळावा.

पैसे कोणी कोणाला द्यायचे?

या सगळ्या व्यवहारातला हा कळीचा प्रश्न. जपानच्या रोजगार सुरक्षा कायद्यानुसार नोकरी मिळवून देणाऱ्या एजन्सीला, मोजके अपवाद वगळता, उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. ती आपले पैसे कंपनीकडून घेते. निवड झालेल्या माणसाच्या वार्षिक पगाराच्या सुमारे तीस टक्के किंवा त्याहून थोडी अधिक अशी ही रक्कम असते. खुल्या संकेतस्थळांवरही जाहिरातीचे पैसे कंपनीच देते. सीओईच्या अर्जाला जपान सरकार शुल्क आकारत नाही. विशिष्ट कौशल्य दर्जाच्या कामगाराला विमानतळावरून नेण्यापासून बँक खाते उघडून देण्यापर्यंत जी मदत करावी लागते, तिचा खर्चही मालकाचा असतो. त्याच्याकडून अनामत रक्कम किंवा दंडाची हमी घेणेही निषिद्ध आहे.

भारताच्या बाजूने नियम थोडे वेगळे आहेत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. असा नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क घेऊ शकतो, पण कमाल ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी. पावती देणे बंधनकारक आहे. भाषावर्गाची फी हा वेगळा खर्च असू शकतो. मात्र ‘व्हिसा, सीओई आणि नोकरी मिळून ५ लाख’ असे ठोक पॅकेज या चौकटीत बसत नाही.

अशा कर्जाचे पुढे काय होते, हे जपानने पाहिले आहे. तांत्रिक प्रशिक्षणार्थींबाबत तिथल्या इमिग्रेशन यंत्रणेने २०२२ मध्ये पाहणी जाहीर केली. येण्याआधी मायदेशात त्यांनी सरासरी सुमारे ५ लाख ४० हजार येन मोजले होते आणि निम्म्याहून अधिक जणांनी त्यासाठी कर्ज काढले होते. व्हिएतनामहून आलेल्यांची सरासरी ७ लाख येनच्या जवळ होती, तर फिलिपिन्सहून आलेल्यांची त्याहून कितीतरी कमी. कर्ज डोक्यावर असलेला माणूस अपमान सहन करतो, जादा तासांचे पैसे मागत नाही आणि तक्रारही करत नाही. फारच असह्य झाले तर पळून जातो आणि बेकायदा ठरतो.

आणखी एक फसवा मार्ग विद्यार्थी व्हिसाचा. ‘शिका आणि कमवा’ असे सांगून भाषाशाळेत प्रवेश दिला जातो. विद्यार्थ्याला परवानगी घेऊन शाळा सुरू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येते. त्यात टोक्योचे भाडे, जेवण आणि शाळेची फी भागवून घरी पैसे पाठवणे जवळपास अशक्य. खरोखर शिकायचे असेल आणि फीची सोय असेल तर हा मार्ग चांगला आहे. नोकरीचा आडमार्ग म्हणून तो धोक्याचा.

कंपनी आणि एजंट खरे आहेत, हे मोबाइलवरून तपासता येते का?

बऱ्याच अंशी येते. जपानमधील प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला १३ अंकी क्रमांक असतो. तिथल्या राष्ट्रीय कर संस्थेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून तो मोफत शोधता येतो. नियुक्तिपत्रावरचे नाव आणि पत्ता तिथल्या नोंदीशी जुळायला हवा. जपानमधील सशुल्क भरती एजन्सीला आरोग्य, कामगार आणि कल्याण मंत्र्यांचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक एजन्सीच्या संकेतस्थळाच्या तळाशी दिलेला असतो आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. भारतीय एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर दिसते. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हेही तिथे पाहावे.

उत्प्रवास तपासणी आवश्यक असलेल्या १८ देशांच्या यादीत जपान नाही. त्यामुळे आखाती देशांत जाणाऱ्या कामगाराच्या कागदांची जशी सरकारी छाननी होते, तशी जपानला जाणाऱ्याच्या बाबतीत होत नाही. पडताळणीचा भार उमेदवारावरच येतो.

माहितीच्या सुरक्षेचे काय?

नामांकित संकेतस्थळ म्हणजे निर्धोक, असे समजण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये ‘रिकुनाबी’ चालवणाऱ्या कंपनीने विद्यार्थ्यांच्या संकेतस्थळावरील वावरावरून, कोण देऊ केलेली नोकरी नाकारण्याची शक्यता आहे, याचा अंदाज काढून तो कंपन्यांना विकल्याचे उघड झाले. जपानच्या वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाने कंपनीला फटकारले आणि ती सेवा बंद झाली. भारतातून अर्ज करताना निवड होईपर्यंत पासपोर्टची प्रत, आधार किंवा बँकेचा तपशील देण्याची गरज नसते. खात्यात नाव, शिक्षण, अनुभव आणि ईमेल पुरेसा असतो. मूळ पासपोर्ट तर कोणाच्याही ताब्यात देऊ नये. तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा पासपोर्ट ठेवून घेणे हा जपानमध्ये गुन्हा आहे.

मग या मार्गाने जावे की नाही?

जावे, पण क्रम उलटा करून. आधी संकेतस्थळ, मग भाषा, मग व्हिसा असा विचार बहुतेक जण करतात. आपल्या शिक्षणाला कोणता दर्जा लागू होतो हे आधी ठरवावे, त्यानुसार भाषेची पातळी गाठावी आणि मग ‘परदेशातून अर्ज चालेल’ अशाच जाहिराती निवडाव्यात. टोक्योच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथल्या स्थानिक प्रतिनिधिमंडळावर २०१९ मध्ये मराठी भाषक योगेंद्र पुराणिक निवडून आले. टोक्यो मराठी मंडळही सक्रिय आहे. एखाद्या कंपनीबद्दल किंवा परिसरातील भाड्याबद्दल विचारायला ओळखीची भाषा बोलणारी माणसे तिथे आहेत, याचा उपयोग करून घ्यावा.

अर्जाचे बटण दाबण्याआधी चार गोष्टींची उत्तरे हाताशी असावीत : निवासाचा दर्जा कोणता, ओव्हरटाइम वगळून मूळ पगार किती, करार कोणत्या कंपनीशी आणि कामाची जागा कोणती, आणि उमेदवाराने एकूण किती रुपये कोणाला द्यायचे. पहिल्या तीन प्रश्नांना लेखी उत्तर मिळत नसेल तर थांबलेले बरे. चौथ्याचे उत्तर लाखांत येत असेल, तर ती नोकरीची जाहिरात नाही, नोकरीची विक्री आहे.